दाढेची कड

सांगली-साताऱ्याकडे पेशंट खुर्चीत बसताच सांगतो, "चांदी नको, दाताच्या रंगाचं भरा." भरून झालं की आरशात बघतो आणि फिलिंग दिसलं नाही की खूश होतो. जाणकार मात्र रंगापाशी फार रेंगाळत नाही. प्रोबचं टोक घेऊन तो थेट फिलिंगच्या कडेकडे वळतो.

रंगाची खुबी एकच: शेड निवडायची ती दात सुकवण्याआधी. सुकलेला दात पांढरट दिसतो. त्या फसव्या पांढरेपणाशी जुळवलेलं फिलिंग पुन्हा थुंकीने ओल्या झालेल्या दातात खडूसारखं उठून दिसतं.

खरी कारागिरी पुढे आहे. 37 टक्के फॉस्फरिक आम्लाची जेल पंधरा-वीस सेकंद लावून धुतली, वरचं इनॅमल वाळवलं, की त्याची चकाकी जाते. त्याच्या सूक्ष्म खड्ड्यांत बाँडिंगचा चिकट द्रव रुतून बसतो. ही वाट 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवली. आतलं डेंटिन मात्र कोरडंठाक करायचं नाही, किंचित ओलसर ठेवायचं. एकाच खड्ड्यात हे दोन्ही सांभाळायचं, तेही जीभ वळवळत असताना! मग कंपोझिटचे, म्हणजे त्या दाताच्या रंगाच्या मसाल्याचे, दोन-दोन मिलिमीटरचे थर. निळ्या प्रकाशात घट्ट होताना ते साधारण दोन-तीन टक्के आक्रसतं. सगळं एकदम भरलं तर समोरासमोरच्या भिंती एकाच वेळी ओढल्या जातात आणि कुठेतरी फट पडते. म्हणून थर तिरके, एका वेळी एकाच भिंतीला टेकवलेले. चांगल्या हाताचं काम इथेच कळतं. काही जण फोटोसाठी खाचांत तपकिरी रंगही भरतात. मला तो नुसता नखरा वाटतो.

1971 साली क्वार आणि रायगे यांनी या कामाच्या परीक्षणाचे निकष ठरवून दिले. प्रोब कडेवर अडकला नाही तर अल्फा. अडकला, फट दिसली, पण डेंटिन झाकलेलं आहे, तर ब्राव्हो. डेंटिन उघडं पडलं की चार्ली.

आपल्याकडच्या तोंडात ही परीक्षा कडक होते. सांगलीची हळद, दिवसभराचा चहा आणि खेडोपाडी अजूनही हिरड्यांवर फिरणारी मिश्री. दोन-चार वर्षांत कडेवर काळी रेघ उमटते आणि नवखा डॉक्टर लगेच ड्रिल उचलतो. पण रेघ म्हणजे कीड नव्हे. पुष्कळदा तो वरवरचा डाग असतो आणि पॉलिशने जातो. मागच्या दाढांतली कंपोझिट फिलिंगं मुख्यतः दोन कारणांनी निकामी होतात: कडेखाली पुन्हा लागलेली कीड आणि तुटणं. जुन्या चांदीचा एक गुण इथे मान्य करायला हवा: ती गंजत गंजत आपली फट आपणच बुजवत जाते. कंपोझिटला ते जमत नाही. पण त्याची बिघडलेली कड तेवढीच घासून, नवा थर चिकटवून दुरुस्त करता येते. सगळं उकरायला घेतलं तर दरवेळी थोडा चांगला दातही जातो आणि खड्डा मोठाच होतो.