'आत्मकरुणा' : एक शब्द आणि एक मोजपट्टी

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींची नैतिक वाढ आणि त्यांची 'आत्मकरुणा' यांचा संबंध प्रश्नावलींच्या द्वारे शोधण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. आत्मकरुणेसाठी क्रिस्टिन नेफ यांची २००३ सालची २६ विधानांची मोजपट्टी घ्यावयाची, नैतिक वाढीसाठी कोलबर्ग यांच्या परंपरेतील एखादी कसोटी घ्यावयाची, आणि दोन बेरजांचा सहसंबंध मांडावयाचा, अशी ही रीत होय. तीतील गणित बहुधा निर्दोष असते. घोटाळा त्यापूर्वीच, शब्दांत, होऊन गेलेला असतो.

मराठीत करुणा येते ती दुसऱ्याची. स्वतःची येते ती कीव. नेफ यांनी ही कल्पना बौद्ध विचारावरून घेतली, आणि तेथे स्वतःपासून आरंभ करण्यास आधार आहे, हे खरे. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीची भावना प्रथम स्वतःविषयी करावी असे सांगितले आहे. परंतु ती मैत्री. करुणेचा आरंभ तेथे दुःखिताच्या दर्शनानेच होतो. हा भेद नेफ यांच्या इंग्रजी संज्ञेत लोपला, आणि 'आत्मकरुणा' हा प्रतिशब्द घडविणाऱ्यांनी तो लोपलेलाच स्वीकारला. 'आत्ममैत्री' म्हटले असते तर निदान कीवेची छाया टळली असती.

मोजपट्टीची रचना याहून अधिक विचारणीय आहे. तिच्यातील १३ विधाने आत्मनिंदा, एकाकीपणा व दुःखात वाहवत जाणे यांविषयीची असून त्यांचे गुण उलटे धरले जातात. म्हणजे जी स्वतःला कमी दोष देते ती अधिक करुणामय ठरते. औषधाची मात्रा चुकली आणि ती चूक अद्याप कोणाच्या लक्षात आलेली नाही, अशा घटकेची कल्पना करावी. त्या वेळी विद्यार्थिनीच्या मनाला लागलेली टोचणी हा मनोविकार म्हणावा की नैतिक दृष्टी? मोजपट्टीला हा भेद करता येत नाही. याविरुद्ध जुलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांचे २०१२ सालचे प्रयोग दाखविले जातील. आपल्या गैरवर्तनाकडे करुणेने पाहण्यास लावलेल्या व्यक्तींत भरपाई करण्याची इच्छा अधिक दिसली, हा त्यांचा निष्कर्ष वजनदार आहे. तथापि तेथे इच्छा मोजली गेली, कृती नव्हे. शिवाय रुग्णाला भोगावी लागलेली चूक ही निराळी गोष्ट. तिची क्षमा करण्याचा पहिला अधिकार रुग्णाचा.

कोलबर्ग यांची शिडी मुळात मुलग्यांच्या उत्तरांवर उभारलेली होती, हा कॅरल गिलिगन यांचा १९८२ मधील आक्षेप सर्वश्रुत आहे. बहुसंख्येने स्त्रियांच्या असलेल्या या व्यवसायात त्याचा विसर पडावा, हे मात्र नवल.

अभ्यासाला अधिक फलदायी सामग्री व्यवसायाच्या स्वतःच्या भाषेत आहे. १८९३ साली डेट्रॉइट येथे तयार झालेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत परिचारिकेच्या शुद्ध आचरणाची अट आहे. तिने स्वतःला जपावे असे तीत कोठेही नाही. अमेरिकन परिचारिका संघटनेच्या २००१ च्या आचारसंहितेतील पाचवे कलम मात्र इतरांप्रती असलेली कर्तव्ये स्वतःप्रतीही मानते. तेथे योजलेला शब्द 'कर्तव्य' आहे. कर्तव्याचा जाब विचारता येतो, करुणेचा येत नाही. म्हणून संशोधकाने मोजपट्टी बाजूस ठेवून, विद्यार्थिनी आपली चूक नोंदवहीत स्वतःचा उल्लेख करून लिहिते की तो वगळून, येथून आरंभ करणे इष्ट. 'मी मात्रा चुकविली' आणि 'मात्रा चुकली गेली' यांतील अंतर कोणत्याही बेरजेत उतरत नाही.