चान्या म्हणजे जर्की नव्हे

दापोड्यातल्या एका गोदामात मी पार्सलं स्कॅन करतो. एकदा एका खोक्यात जर्कीची पाकिटं आली. मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या, फोडा आणि खा. त्याच आठवड्यात मी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचत होतो. पाकीट बघताच मनात आलं, अरे, या तर आपल्या चान्या!

आता वाटतं, पुस्तक वाचण्यातली माझी सगळ्यात मोठी चूक तीच होती.

मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद करणारं हे पुस्तक नावातल्या एका 'अ'नेच भांडण मांडतं. पूर्णब्रह्म कुणाचं? ज्यांच्या ताटात तूप होतं त्यांचं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला इंग्रजी अनुवाद आल्यावर ते आणखी दूर गेलं. पण माझ्यासारखा वाचक त्यातल्या चान्या उचलतो, 'देशी जर्की' असं नाव देतो आणि पुढे सरकतो. या नावात दोन गोष्टी गळतात.

पहिली, इतिहास. चान्या हा हौसेचा खाऊ नव्हता. जनावर मेलं की वाट्याला खूप मांस एकदम यायचं. ते नासण्याआधी उन्हात घालणं भाग होतं. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं. त्यामुळे चान्या संपत गेल्या त्यामागे विसर नाही, स्वाभिमानही आहे.

दुसरी, कृती. हे मला पुस्तकानं नाही, पत्र्यानं शिकवलं. सप्टेंबरात मी मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं, अर्धा किलो आणलं, पट्ट्या कापल्या, मीठ चोळलं आणि खोलीच्या पत्र्यावर घातल्या. वरून कडक झाल्या, आत ओलसरच. तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. आजीला फोन केला. ती म्हणाली, "कच्च्याच खाणार हायेस का रं? आम्ही तर रटरट शिजवायचो." शिवाय तिचं ऊन चैत्र-वैशाखातलं कोरडं, माझं भिवंडीच्या खाडीकडचं दमट.

फरक तिथं आहे. चान्यांमधले जंतू मरायचे ते शेवटी, चुलीवर. जर्की तशीच चावायची असते, म्हणून तिथं आच आधी द्यावी लागते. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापवायचं, कोंबडी असेल तर ७४, आणि मग ५५ ते ६० अंशांच्या ड्रायरमध्ये सुकवायचं. थेट सुकवायला घेतलं, तर पाणी उडताना मांस थंडच राहतं आणि कोरडे झालेले जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत.

आणखी एक फसवं भाषांतर: 'पिंक सॉल्ट'. परदेशी कृतींत ते सोडियम नायट्राइट मिसळलेलं मीठ असतं. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून ते गुलाबी रंगवतात. आपल्याकडचं गुलाबी मीठ म्हणजे सैंधव. त्यात नायट्राइट नाही, म्हणून ते त्याची जागा घेऊ शकत नाही. उलट नायट्राइटचं मीठ साध्या मिठासारखं मुठीनं घातलं, तर विषबाधा होते. ६.२५ टक्के नायट्राइट असलेलं मीठ किलोभर मांसाला जेमतेम अडीच ग्रॅम लागतं. ते बोट्युलिझमचे जंतू रोखतं, रंग टिकवतं, पण आचेचं काम करत नाही. घरी पातळ पट्ट्या आधी नीट तापवून सुकवल्या, तर नायट्राइटशिवाय भागतं.

मग पुस्तकात हे अंश आणि ग्रॅम नाहीत, हा दोष का? मला तसं वाटत नाही. आठवणीतून आलेल्या कृतीत 'कडक वाळवा' एवढंच पुरायचं, कारण ऐकणाऱ्याच्या घरी तेच ऊन आणि तीच चूल होती. ती दोन्ही माझ्याकडे नाहीत. तेव्हा उरलेली माहिती मिळवणं हे वाचक म्हणून माझं काम. रील बघून पत्र्यावर मांस घालणं म्हणजे पुस्तकाचा आदर नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात आजीकडे जाणार आहे. चान्या करू, आणि रटरट शिजवून खाऊ.