गुहेतला कोळी आणि पोकॉकची की

रत्नागिरीकडच्या एका गुहेतला फोटो आला. जांभ्याच्या भिंतीवर तळहाताएवढा केसाळ कोळी, खाली प्रश्न: टॅरँट्युला आहे ना, आणि प्रजाती कोणती?

पहिल्याचं उत्तर फोटोतून देता आलं. नुसता मोठा असून भागत नाही. लाओसमधून २००१ साली नोंदवलेला हेटेरोपोडा मॅक्सिमा पाय पसरले की ३० सेंमीपर्यंत भरतो, पण तो टॅरँट्युला नव्हे. त्याचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. टॅरँट्युलाचे समांतर, खाली वळलेले असतात. आपल्या फोटोत ते दिसत होते.

दुसऱ्या प्रश्नाला सगळे पोकॉककडे धावतात. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधला त्याचा १९०० सालचा अष्टपाद प्राण्यांवरचा खंड. तपकिरी-जांभळट रंग बघून एकाने लगेच ठरवलंही: कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस. पण हा वंश ओळखायला विषदंताचं बूड आणि त्याशेजारच्या स्पर्शपादाचं बूड यांच्यामधल्या फटीत आवाज काढणारे काटे बघावे लागतात, तेही भिंगाखाली. पोकॉकने ते बघितले होते. आपण ती पायरी गाळतो आणि रंगावर जातो. रंग तर कात टाकायच्या आधी एक, नंतर दुसरा!

म्हणजे पोकॉक निर्दोष का? नाही. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून, इथून पाठवलेल्या नमुन्यांवर काम करत होता. आज ज्यावर आपली भिस्त असते ती स्पर्मथीका, म्हणजे मादीची शुक्राणू साठवायची पिशवी, त्याच्या वर्णनांत नाही. आणि कुठल्याही कीचा खरा धोका असा, की तिला माहीत असलेल्या नावांपैकीच एक ती तुमच्या हातात ठेवते. मिर्झा, सानप आणि भोसले यांनी २०१४ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये पश्चिम घाटातून एक नवा वंश आणि पाच नव्या प्रजाती मांडल्या, त्यातली एक मुंबईच्या आरेमधली. जुनी की लावली असती तर तिलाही कुठलं तरी जुनंच नाव चिकटलं असतं.

मी उत्तर दिलं: कुळ थेराफोसिडी, पुढचं सांगत नाही. बिळाजवळ कात सापडली तर जपून ठेवा. मादीची असेल तर स्पर्मथीका तिच्यातही दिसते, जीव मारावा लागत नाही. गुहेचं नाव इथे लिहिलेलं नाही. या कोळ्यांना पाळीव प्राण्यांच्या बाजारात गिऱ्हाईक आहे.