डुकराची ध्वनिमुद्रिका

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना "मुलगी काय करते?" हा प्रश्न ठरलेला असतो. "उट्रेख्तला केल्टिक शिकते," असं मी सांगतो. निम्म्या लोकांना 'क्लिनिकल' ऐकू येतं आणि ते खूश होतात. उरलेल्यांना मी समजावून सांगतो की आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स इथल्या जुन्या भाषा आणि त्यांचं साहित्य असा हा विषय आहे. मग थोडी शांतता पसरते आणि कुणीतरी सहानुभूतीने विचारतं, "आणि पुढे?" मी स्वतः इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करून सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मीही तिला मनातल्या मनात हेच विचारत होतो.

गेल्या हिवाळ्यात तिने माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. "बाबा, तू मंडळाच्या कमिटीवर आहेस ना? मग हे वाचच." पुस्तकाचं नाव 'अन बेल बोख्त'. आयरिश भाषेतलं, १९४१ साली डब्लिनमध्ये प्रसिद्ध झालेलं. लेखकाचं टोपणनाव माइल्स ना गोपालीन, खरं नाव ब्रायन ओ'नोलन. इंग्रजी वाचकांना हाच माणूस फ्लॅन ओ'ब्रायन या दुसऱ्या टोपणनावाने माहीत आहे. पॅट्रिक पॉवर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ साली 'द पुअर माउथ' या नावाने निघाला. मी वाचला तो हाच. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'गरीब तोंड'. आहे त्यापेक्षा जास्त गरिबीचं सोंग आणून सहानुभूती उकळणं, असा तो वाक्प्रचार आहे. मराठीत 'रडगाणं' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

गोष्ट कोर्का डोर्खा नावाच्या एका काल्पनिक गावाची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे आयरिश अजून घराघरांत बोलली जाते, अशा भागातलं. पाऊस थांबत नाही, बटाट्याखेरीज अन्न नाही, डुकरं आणि माणसं एकाच खोलीत झोपतात. निवेदक बोनापार्ट ओ कूनासा पहिल्या दिवशी शाळेत जातो. मास्तर नाव विचारतात, तो आपल्या पद्धतीने बापाचं, आजाचं, पणजाचं नाव जोडत जातो, तेवढ्यात डोक्यात वल्ह्याचा तडाखा बसतो. मास्तर इंग्रजीत सांगतात, तुझं नाव जेम्स ओ'डोनेल. मग दुसरा मुलगा उभा राहतो, तोही जेम्स ओ'डोनेल. वर्गातला प्रत्येक मुलगा. (वडिलांचं नाव मधोमध लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथल्या एखाद्या खिडकीपाशी फॉर्म भरला असेल, तर हे प्रकरण वाचताना हसू जरा अडकतं.)

पण माझ्या मुलीला मी वाचायला हवी होती ती दोन प्रकरणं वेगळी. एकात डब्लिनचा एक विद्वान ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गावात येतो. लोकांची जीभ सैल व्हावी म्हणून दारू पाजतो, तरी कुणी बोलत नाही. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी धडपडत आत येतं आणि भराभर बोलू लागतं. विद्वान सगळं टिपून घेतो. त्यातलं त्याला अक्षरही कळत नाही. पण अस्सल आयरिश नेहमीच दुर्बोध असते अशी त्याची खात्री असल्यामुळे तो अधिकच खूश होतो. तो 'वक्ता' म्हणजे कपडे घातलेलं एक हरवलेलं डुक्कर. कपडे कशाला? तर इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी सरकार अनुदान देतं म्हणून म्हाताऱ्या आजोबांनी डुकराच्या पिल्लांना कपडे घालून मुलं म्हणून उभं केलेलं असतं. पुढे ती ध्वनिमुद्रिका बर्लिनला जाते, तिथले पंडित तिच्यावर लुब्ध होतात, आपल्या विद्वानाला पदवी मिळते आणि त्या बोलण्यात काही अर्थ सापडतो का हे पाहायला एक समिती नेमली जाते.

दुसरं प्रकरण भाषेच्या जत्रेचं. शहरातून भाषाप्रेमी येतात, व्यासपीठ उभं राहतं, अध्यक्ष भाषण करतात. त्याचा मथितार्थ असा की नुसतं आयरिश बोलून भागत नाही, आयरिशमध्ये आयरिशविषयीच बोललं पाहिजे, दुसऱ्या कशाविषयी बोललं तर ती भाषा काय कामाची! भाषणं चालू राहतात, आणि पोटात अन्न नसलेले गावकरी पाहुण्यांसाठी नाचता नाचता कोसळून मरतात.

हे वाचलं तेव्हा २७ फेब्रुवारीला तीन आठवडे उरले होते आणि मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाची रूपरेषा माझ्याच टेबलावर पडली होती. अध्यक्षीय मनोगत: मराठीचं संवर्धन. परिसंवाद: परदेशातली मराठी. व्याख्यान: अभिजात मराठी (केंद्र सरकारने हा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला दिला, त्यानंतर हा विषय टाळणं अशक्यच झालं). मुलांचा कार्यक्रम: मराठीचं महत्त्व सांगणारी नाटिका. आठ वर्षांच्या मुलांची ही नाटिका रोमन लिपीत लिहून दिलेली होती. संपूर्ण दिवसात मराठीत मराठीखेरीज एकही विषय नव्हता. कूनासांच्या गावचे अध्यक्ष आमच्या कमिटीत सहज निवडून आले असते.

ओ'नोलनची थट्टा इतकी झोंबते, कारण ती घरातल्या माणसाने केलेली आहे. लहानपणी त्याच्या घरची भाषा आयरिशच होती. विद्यापीठात त्याने जुन्या आयरिश निसर्गकवितेवर प्रबंध लिहिला, पुढे सरकारी नोकरी केली आणि 'आयरिश टाइम्स'मध्ये १९४० पासून सदर लिहिलं, तेही सुरुवातीला आयरिशमध्ये. पुस्तकात ज्या आत्मचरित्राचं विडंबन आहे, ते तोमास ओ क्रिहन या बेटावरच्या कोळ्याचं १९२९ सालचं पुस्तक त्याला मनापासून आवडत असे. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी एकीकडे महाराष्ट्रगीत लिहिलं आणि दुसरीकडे 'सुदाम्याचे पोहे'तून आपल्याच लोकांची रेवडी उडवली. दोन्हींमागे माणूस एकच होता हे आपण विसरतो, कारण समारंभात गायला फक्त गीत सोयीचं असतं.

पुस्तक निर्दोष मात्र नाही. दारिद्र्याची अतिशयोक्ती चौथ्या-पाचव्या प्रकरणानंतर सारख्याच सुरात वाजू लागते. आपल्या पिढीबरोबर सगळं संपलं, अशा आशयाचं पालुपद पहिल्यांदा हसवतं, दहाव्यांदा नाही. पण माझी मोठी तक्रार बर्लिनच्या त्या पंडितांबद्दल आहे. जत्रेतला अध्यक्ष आणि परदेशी अभ्यासक यांना ओ'नोलनने एकाच काठीने झोडपलं आहे, आणि इथे त्याचा नेम चुकला असं मला वाटतं.

आठव्या-नवव्या शतकातली आयरिश भाषा आज आपल्याला कळते, ती मुख्यतः वुर्त्सबुर्ग, मिलान आणि सांक्ट गालन इथल्या हस्तलिखितांमुळे. परमुलखात गेलेल्या आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या समासात आणि ओळींच्या मध्ये आपल्या भाषेत टिपणं लिहिली होती. त्या बारीक अक्षरांवरून योहान कास्पार त्सॉइस या जर्मन माणसाने १८५३ साली केल्टिक भाषांचं पहिलं पक्कं व्याकरण लिहिलं, आणि रुडोल्फ टुर्नआयझेनने १९०९ साली प्राचीन आयरिशचं. व्हिटली स्टोक्स मूळचा डब्लिनचाच, पण कलकत्त्यात बसून दिवसा हिंदुस्थानसाठी कायद्यांचे मसुदे करी आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश संहिता संपादित करी. त्याची अशी एक पुस्तिका १८६६ साली कलकत्त्यात छापली गेली. आपल्या हॉलंडमध्ये आन्तोन फान हामेल १९२३ पासून उट्रेख्तला जुन्या जर्मानिक भाषांबरोबर केल्टिक शिकवू लागले, पुढे मार्त्ये द्राक यांनी ते काम चालवलं आणि आयरिश कथा डच वाचकांपर्यंत नेल्या. यांतल्या कुणी डुकराचं बोलणं टिपून घेतलं नाही. मराठीच्या बाबतीतही भाषेच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने लिहिला आणि १९२० साली तो फ्रेंचमध्ये छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद यायला १९४१ साल उजाडलं. म्हणजे ज्या वर्षी कूनासा जन्मला त्याच वर्षी!

आणि गंमत अशी की या पुस्तकाचा उत्तरार्ध मला कळला तो उट्रेख्तच्या अभ्यासक्रमामुळेच. शेवटाकडे बोनापार्ट एका उंच डोंगरावर चढतो. तिथे गुहेत सोनं राखत बसलेला, वाळून काष्ठ झालेला मेलडून नावाचा पुरातन माणूस त्याला भेटतो. मला हे प्रकरण उगीच घुसडल्यासारखं वाटलं. मुलगी म्हणाली, "अरे बाबा, मेल डून म्हणजे बेटांमागून बेटं पार करत जाणाऱ्या समुद्रप्रवासाच्या मध्ययुगीन कथेचा नायक. आणि मूळ पुस्तकात त्याच्या तोंडी जुन्या वळणाची भाषा आहे, ती इंग्रजीत नीट दिसत नाही." पंडितांची सर्वांत मोठी थट्टा करणारं पुस्तक पंडितांच्या मदतीशिवाय निम्मंच कळतं. ओ'नोलनला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

त्याच संध्याकाळी तिने मला विचारलं, "झाड ते, पण फांदी ती आणि डोंगर तो. मराठीत हे 'ते' अजून जिवंत कसं राहिलं?" जुन्या आयरिशमध्ये नपुंसकलिंग होतं, पुढे ते गेलं. हिंदीतही गेलं. मराठीत राहिलं. मी अठ्ठेचाळीस वर्षं ही भाषा बोलतो आहे आणि यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही तासभर बोललो, घर, मूल, पोर, कुत्रं, लेकरू असं एकेक घेत. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं आहे अशी माझी समजूत होती. ती खरीही होती, कारण स्वयंपाकघराबाहेरचं तिच्याशी मराठीत मी कधी बोललोच नव्हतो. कामाविषयी इंग्रजीत, शाळेविषयी डचमध्ये, आणि मराठीत फक्त "जेवलीस का" आणि "मराठी बोलत जा".

आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. १९३७ च्या राज्यघटनेने जिला पहिली राजभाषा केलं, त्या भाषेची ही स्थिती. आपली मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटींच्या वर आहेत, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही, असं कमिटीत एकाने सांगितलं. त्या ८ कोटींत इथे वाढणारी आपली मुलं धरलेली नाहीत, एवढंच मी म्हणालो.

मुलगी पहिल्या वर्षाला असताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये, उट्रेख्त विद्यापीठाने सहा पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा इरादा जाहीर केला. फ्रेंच, जर्मन, इटालियन, इस्लाम व अरबी, धर्मअभ्यास, आणि केल्टिक. पैसे कमी, विद्यार्थी कमी. दर वर्षी मूठभर विद्यार्थी येतात म्हणून हा विषय नको, हा हिशेब मला नोकरीत रोज करावा लागतो, त्यामुळे तो कळतो. फक्त जर्मन शिकवणारे जगात इतरत्र हजारो सापडतील, पण समासातली जुनी आयरिश अक्षरं वाचायला शिकवणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. त्यातली एक गेली की ते कौशल्य दुसरीकडून मागवता येत नाही, हे त्या हिशेबात कुठे बसवायचं ते मला सापडलं नाही.

कार्यक्रमाच्या रूपरेषेत मी एक बदल सुचवला. परिसंवादाऐवजी अर्धा तास मला द्या, समुद्राच्या पातळीखालची ही जमीन कोरडी कशी ठेवतात ते मी सांगतो. बांध, पंप, दरवाजे, १९५३ चा पूर आणि त्यानंतरची कामं, सगळं मराठीत. अध्यक्ष म्हणाले, "विषय चांगला आहे हो, पण त्या दिवशी मराठीचं काहीतरी हवं."

पुस्तक जेमतेम सव्वाशे पानांचं आहे. माझी प्रत सध्या त्यांच्याकडेच आहे.