वाघाचा डोळा, हलगी आणि मधली रिकामी जागा

२०१६ हे साल जिममध्ये जाणाऱ्या मराठी माणसाला फार मानवलं. एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, जुलैत ‘सुलतान’, डिसेंबरात ‘दंगल’. यातले दोन सिनेमे कुस्तीचे, तिसऱ्याचा व्यायामाशी काडीचा संबंध नाही. आणि इतक्या वर्षांनंतरही ट्रेडमिलवर माझे पाय आपोआप उचलले जातात ते या तिसऱ्याच्या ‘झिंगाट’वर. ‘सुलतान’चं शीर्षकगीत सुखविंदर सिंगने गायलंय, ‘दंगल’चं दलेर मेहंदीने. दोघांच्याही गळ्यात दम आहे, त्यात वाद नाही. मग अडतं कुठे?

मला वाटतं, ही गाणी आपल्याला सतत काहीतरी सांगत राहतात. तू कोण आहेस, तुझ्यात काय आग आहे, समोरचा कसा लोळणार आहे. पडद्यावर ते शोभतं, कारण तिथे समोर खरंच कोणीतरी असतं. जिममध्ये माझ्यासमोर आरसा असतो. त्यात घाम, ढगळ टी-शर्ट आणि ‘अजून आठ मिनिटं?’ असा चेहरा. गाणं मला सुलतान म्हणतं आणि मी मान वर करून बघते तर ही! दमलेल्या माणसाला त्याच्याच तोंडाकडे बघायला लावण्यासारखा दुसरा जाच नाही. ‘झिंगाट’ला माझ्याशी काही देणंघेणं नाही. एक पोरगा प्रेमात पडलाय आणि त्याला जग दिसेनासं झालंय. मी फक्त त्या घोळक्यात शिरते. आठातली पाच मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

तीच चाल, तेच अजय-अतुल, २०१८च्या ‘धडक’मध्ये हिंदीत आले. ते लावून बघा. माझ्या पायांना ते निम्मंच लागू पडतं. मराठी शब्दांना काठ आहेत. झ, ध, ट अशी अक्षरं जमिनीवर आपटतात, पावलांसारखी. हिंदीत ती गुळगुळीत होतात.

जिमच्या गाण्यांचा मूळपुरुष मानतात ते ‘आय ऑफ द टायगर’. १९८२ साली ‘रॉकी ३’साठी सर्व्हायव्हर या बँडने केलेलं. स्टॅलोनला खरं तर क्वीनचं एक गाणं हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून हे करून घेतलं. हे गाणं सगळ्यांना फार वेगवान वाटतं, पण मोजलं तर मिनिटाला साधारण १०९ ठोके भरतात. आज तरुणांना कार्डिओसाठी १२० ते १४० ठोक्यांची गाणी सुचवतात, त्या मानाने हे रेंगाळतंच म्हणायचं. तरी अंगावर काटा येतो. त्याची सुरुवात आठवा. गिटारचा एक घाव, मग शांतता. पुन्हा दोन-तीन घाव, पुन्हा शांतता. त्या शांततेत आपलं अंग पुढचा घाव आधीच मारून मोकळं होतं. गाण्याने सगळं स्वतःच केलं असतं तर अंगाला काम काय उरलं असतं?

आणि ‘वर्कआउट रिमिक्स’ नावाचा प्रकार नेमकं हेच मारतो. कुठलंही गाणं घ्या, त्याखाली एकसारखा धबधब ठोका घाला, मोकळी जागा दिसली की बुजवा. परिणाम मिक्सरच्या जवळ उभं राहिल्यासारखा. आमच्या जिममध्ये हे दिवसभर चालतं आणि आवाज कमी करा म्हटलं की ट्रेनर म्हणतो, ‘मॅडम, एनर्जी पाहिजे ना!’

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास करागेऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलंय. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: व्यायाम बेताचा असेल तोवर संगीतामुळे श्रम कमी जाणवतात, जोर खूप वाढला की हा परिणाम ओसरतो, कारण तेव्हा शरीर स्वतःच मोठ्याने बोलायला लागतं. माझा अनुभव याहून वेगळा नाही. म्हणजे शेवटच्या, जीव काढणाऱ्या सेटला कोणीही कितीही ओरडलं तरी व्यर्थ. गाण्याची गरज त्याच्या आधी असते, कंटाळ्याच्या वेळी.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे संशोधनाशिवाय माहीत असावं. तालमीत जोर-बैठका गाण्यावर काढत नाहीत. तिथे आकडा असतो आणि श्वास असतो. वाद्य वाजतं ते मैदानात, हलगी, घुमकं, कैताळ. तीही पैलवानाला ‘तू सिंह आहेस’ वगैरे सांगत नाही. तडतडते, दबते, पुन्हा उसळते, आणि त्या दबण्यात हजारो माणसं श्वास रोखून बसतात.

जात्यावरच्या ओव्या तर याहून पुढच्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून, बायकांना सोबत घेऊन, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्यातल्या कितीतरी ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. दळण हा काही हलका व्यायाम नव्हे. खांदे, पाठ, मनगट, सगळं त्यात पिळून निघतं. तरी ‘दळ बाई दळ, तू करू शकतेस’ या छापाचं तिथे काही सापडत नाही. भाऊ असतो, माहेर असतं, लेक असते, नवऱ्याबद्दलची तक्रार असते, सीता असते. आणि ओळ संपल्यावर जात्याची घरघर तेवढी ऐकू येते. (पहाटे उठून दळणं ही हौस नव्हती, सक्ती होती. ते गोड करून सांगायचा माझा इरादा नाही. पण सक्तीच्या श्रमातही त्यांनी गाण्याला मुकादम होऊ दिलं नाही, हे मला मोठं वाटतं.)

आपल्या ‘मोटिव्हेशन’ प्लेलिस्टमध्ये मात्र मुकादमच मुकादम आहेत. शत्रूला गाड, जगाला दाखवून दे, जी सोडून गेली तिला पस्तावायला लाव. आमच्या सकाळच्या लेडीज बॅचमध्ये गुडघ्यांसाठी येणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी कोणाला गाडायचंय? त्या सायकल मारता मारता रिकाम्या डोळ्यांनी भिंतीकडे बघतात. एकदा मी फोन स्पीकरला जोडून लावणी लावली, तर त्यांचे पाय सायकलवर आणि हात ढोलकीवर! ट्रेनरने वीसेक मिनिटं सहन केलं.

सध्या माझ्या यादीत ‘झिंगाट’ आहे, ‘आय ऑफ द टायगर’ आहे, दोन लावण्या आहेत आणि एका मैदानात कोणीतरी फोनवर टिपलेली हलगी आहे, मागे माणसांचा गलका असलेली. डेडलिफ्टच्या वेळी हेडफोन बॅगेवर काढून ठेवते. तेव्हा फक्त आकडा मोजायचा असतो.