यंत्राचा कान आणि पोरांची बोली

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत आणली. शाळेचे दार उघडले. परंतु 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे पोर वर्गात हसण्याचा विषय होतच राहिले. 'ण' आणि 'न' यांतला फरक येथे केवळ उच्चाराचा नव्हता. त्यावरून जात ओळखली जाई.

आता मुलांचे वाचन ऐकण्याचे काम यंत्राकडे जात आहे. गूगलने २०१९ मध्ये 'बोलो' हे अ‍ॅप हिंदी-इंग्रजीत आणले, पुढे त्यात मराठी आली, २०२० मध्ये त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. मूल मोठ्याने वाचते, 'दिया' ऐकते, अडले तर शब्द उच्चारून दाखवते. याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. आईबापांना अक्षरओळख नसलेल्या घरात, न रागावता, आडनाव न विचारता ऐकणारे कोणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, हे आम्हा पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांना ठाऊक आहे.

प्रश्न आहे तो हा, की यंत्र कोणाचे बोलणे ऐकून शिकले? २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांची यंत्रे तपासली. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते सांगणाऱ्या आपल्याला हा आकडा परका वाटू नये.

१९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' कैकाडी बोलीचे शब्द घेऊन आले, तेव्हा प्रस्थापित वाचकाला आपला कान बदलावा लागला. लेखक वाद घालू शकतो. शाहूपुरीतल्या हमालाचे सहा वर्षांचे पोर यंत्राशी वाद घालणार नाही. ते गप्प बसेल.

'मग प्रमाणभाषा नको काय?' असे विचारले जाईल. हवीच, परीक्षा तिच्यातच होतात. परंतु 'पाणी' पाहून 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने शब्द बरोबर वाचलेला असतो. 'पाय' म्हणणाऱ्याचे वाचन चुकलेले असते. पहिला बोलीचा उच्चार, दुसरी वाचनाची चूक. हा भेद चांगल्या शिक्षकाला कळतो. तो यंत्रालाही कळतो काय, हे शाळेत आणण्यापूर्वी तपासले पाहिजे. त्यासाठी चंदगड, कागल, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांचे वाचन यंत्राला ऐकवावे आणि कोणत्या बोलीत किती चुका निघाल्या ते जाहीर करावे. तोवर यंत्राने दिलेल्या गुणांवरून कोणाही पोराला 'कच्चे' ठरवू नये.