एका टिंबाची किंमत

समजा, विद्यार्थ्यांची नावे व गुण ॲक्सेस या माहितीसंग्रहाच्या प्रणालीत साठवले आहेत आणि निकालपत्रक मात्र एक्सेलच्या तक्त्यात हवे आहे. ॲक्सेसमधूनच एक्सेल सुरू करावे, तक्ता भरावा, साठवावा आणि एक्सेल बंद करावे, अशी आज्ञावली लिहिता येते. एका प्रणालीने दुसरीकडून असे काम करून घेण्याला ऑटोमेशन म्हणतात. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हीबीए ही भाषा आली आणि आज्ञावली लिहिणे सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्यात आले. ही भाषा आजही वापरात आहे.

आता अनुभव काय येतो ते पाहा. नववी अ चे पत्रक बिनचूक तयार होते. लगेच नववी ब साठी तीच आज्ञावली चालवली की ती मध्येच थांबते. पडद्यावर त्रुटी क्रमांक ४६२ झळकतो : दूरचे सर्व्हर यंत्र अस्तित्वात नाही किंवा उपलब्ध नाही. ॲक्सेस बंद करून पुन्हा उघडले की सारे सुरळीत होते, पण एकदाच. याचे खापर नवशिक्यावर फोडणे सोपे आहे. प्रत्यक्षात दोषाचा मोठा वाटा भाषेच्या रचनेकडे आणि ती शिकवण्याच्या पद्धतीकडे जातो.

बहुतेक जण ही भाषा एक्सेलमधील मॅक्रो रेकॉर्डरकडून शिकतात. आपण हाताने केलेली कृती हा रेकॉर्डर आज्ञांच्या रूपात लिहून दाखवतो. त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. एक्सेलमधील शेकडो गुणधर्मांची नावे कोणी पाठ करत नाही. रेकॉर्डर ती क्षणात पुरवतो आणि शिकणाऱ्याला धीर येतो. पण त्याची एक खोड आहे. तो ‘रेंज’, ‘सिलेक्शन’, ‘ॲक्टिव्हशीट’ असे शब्द सुटे लिहितो. कोणत्या एक्सेलचे, कोणत्या वहीचे, कोणत्या पानाचे, हे सांगत नाही. एक्सेलच्या आत ते चालून जाते, कारण तेथे मालक एकच असतो. वर्गात ‘फळा पूस’ म्हटले की पुरते. शाळेबाहेरून निरोप धाडायचा तर कोणत्या वर्गाचा फळा, हे सांगावेच लागते.

ॲक्सेसच्या आज्ञावलीत एक्सेलच्या संग्रहाचा संदर्भ जोडलेला असेल तर असा सुटा शब्दही भाषा निमूटपणे स्वीकारते. मालक सांगितलेला नसल्याने ती स्वतःच एक्सेलशी एक छुपा दुवा बांधते. आपण जाहीर केलेली चले रिकामी केली तरी हा दुवा सुटत नाही. ॲक्सेस बंद होईपर्यंत तो टिकतो. म्हणून ‘क्विट’ सांगूनही एक्सेल पडद्यामागे रेंगाळते आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसत राहते. दुसऱ्या फेरीत आज्ञावली नवे एक्सेल उघडते, पण सुटा शब्द जुन्या दुव्याकडेच धावतो. तेथे उत्तर द्यायला कोणी नसते. पहिली फेरी यशस्वी आणि दुसरी अयशस्वी, या कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

आता संदेशाकडे पाहू. दोन्ही प्रणाली एकाच टेबलावरच्या एकाच यंत्रात असताना ‘दूरचे यंत्र’ म्हटल्यावर माणूस केबल तपासत बसणार. त्याच दोषातून कधी त्रुटी १००४ येते : ‘ग्लोबल’ या वस्तूची ‘रेंज’ ही पद्धत अयशस्वी. यातील ‘ग्लोबल’ हा शब्द खरा धागा आहे. तो सुट्या शब्दाकडे बोट दाखवतो. पण हे आधीच जाणणाऱ्यालाच तो उलगडतो. जो संदेश केवळ जाणकारालाच कळतो, त्याचा शिकणाऱ्याला काय उपयोग?

प्रचलित उपाय तर रोगापेक्षा वाईट आहेत. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिले की संदेश येणे थांबते, चूक थांबत नाही. टास्क मॅनेजरमधून सगळी एक्सेल मारून टाकली, तर कोणाचे तरी न साठवलेले कामही त्यांच्याबरोबर जाते.

सर्वांत घातक प्रकार मात्र त्रुटीचा संदेशच न येण्याचा. एक्सेल पडद्यावर दिसत असताना आज्ञावली चालू आहे आणि कोणी सहज दुसऱ्या पानावर टिचकी मारली, तर त्या क्षणापासून ‘ॲक्टिव्हशीट’ म्हणजे ते दुसरे पान. नववी ब चे गुण नववी अ च्या पानावर जातात. यंत्र कुरकुरत नाही, आकडे नीटनेटके दिसतात आणि चुकीचा निकाल मुलांच्या हाती पडतो.

निदान शास्त्रीय पद्धतीने करावे. प्रथम टास्क मॅनेजरमध्ये आज्ञावलीच्या आधी व नंतर किती एक्सेल आहेत ते मोजावे. नंतर एक वाढले असेल तर दुवा सुटलेला नाही. मग आज्ञावलीची प्रत घेऊन त्यात ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहावे, एक्सेलच्या संग्रहाचा संदर्भ काढावा, एक्सेलची चले साध्या ‘ऑब्जेक्ट’ प्रकाराची करावीत आणि ‘कम्पाइल’ करावे. आता प्रत्येक सुट्या ‘रेंज’वर, ‘सेल्स’वर भाषा अडून बसते. एक्सेलचे स्थिरांकही अडतील. त्यांच्या जागी किंमती लिहाव्यात, उदाहरणार्थ एक्सएलअपसाठी उणे ४१६२. सुटा ‘ॲप्लिकेशन’ शब्द मात्र या चाळणीतून निसटतो, कारण ॲक्सेसलाही त्याच नावाची वस्तू आहे. तो डोळ्यांनी शोधावा.

दुरुस्ती सोपी आहे. एक्सेल, वही आणि पान यांसाठी तीन चले घ्यावीत आणि प्रत्येक शब्द टिंबाने त्यांपैकी एकाला जोडावा. अर्धवट जोडणी फसवी असते : ‘पान.रेंज’ लिहून कंसात ‘सेल्स’ सुटे ठेवले, तर बाहेरचा मालक एक आणि आतला दुसरा. ‘विथ’ वापरला असेल तर सुरुवातीचे टिंब गळले नाही ना, हे पाहावे.

भाषेच्या बाजूने कोणी म्हणेल की सुटे शब्द चालतात म्हणून तर ती सोपी आहे. पण पायथॉनमधून एक्सेल चालवताना मालकाचे नाव घ्यावेच लागते, त्यामुळे हा छुपा दुवा तेथे बांधलाच जात नाही. आणि पायथॉन शिकायला अवघड आहे, असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या फेरीतील या अपयशाचे कारण मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या तांत्रिक टिपणात सांगितले होते. कारण ठाऊक असूनही भाषेने सुट्या शब्दावर साधी सूचनासुद्धा दिली नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

शिक्षकांना दोन गोष्टी करता येतील. रेकॉर्डरने लिहिलेली आज्ञावली अंतिम न मानता, प्रत्येक शब्दाचा मालक लिहिण्याचा गृहपाठ द्यावा. आणि प्रात्यक्षिकाचे गुण देण्यापूर्वी आज्ञावली ॲक्सेस बंद न करता दोनदा चालवून पाहावी, दुसऱ्यांदा चालवताना दुसरीच वही समोर उघडी ठेवून.